दोन खांबांचा रुपया : कापडाच्या मोबदल्यात आलेली स्पॅनिश चांदी

इ.स. १९८० च्या सुरवातीची गोष्ट आहे. जगभर चांदीचे भाव एकाएकी भडकले होते आणि घरोघरच्या पेट्या उघडल्या जात होत्या. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो व उर्दू शाळेत चौथीत शिकत होतो. अब्बांनी दादीच्या पेटीतील जुन्या चांदीची पुरचुंडी काढली आणि आम्हाला बरोबर घेऊन ती मोडीत द्यायला गेले. तीत तोडे होते, कंबरेची साखळी होती आणि पाच-सहा जाड, मोठी नाणी होती. नाण्यांवर मुकुट, त्याखाली एकावर एक चढलेले दोन गोल आणि दोन्ही बाजूंना दोन खांब होते. घरात त्यांना सगळे 'दोन खांबांचा रुपया' म्हणत. दुकानदाराने सर्व माल एकत्र तराजूत घातला, घट धरली आणि आमच्या डोळ्यांदेखत मुशीत टाकला. पुढे चांदीचे भाव कोसळले. त्यामुळे आपण वेळेवर विकले, शहाणपणा केला, असेच अब्बांना शेवटपर्यंत वाटत राहिले.

एक नाणे तेवढे वाचले, कारण ते भोक पाडून धाकट्या भावाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बांधलेले होते. पुष्कळ वर्षांनंतर, कापडाच्या धंद्यात पडल्यावर, एका जाणकाराने त्याच्याकडे पाहून विचारले, "हे स्पेनचे नाणे दोडामार्गात कुठून आले?" या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्हाला जे कळले ते आमच्या व्यापारी व कारीगर बांधवांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. कारण अशी नाणी आजही कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांतून निघतात, आणि माहिती नसल्यामुळे अजूनही मुशीत जातात.

हे नाणे कोणते?

या नाण्याचे मूळ नाव 'रेआल'. स्पॅनिश भाषेत रेआल म्हणजे राजाचा, शाही. आठ रेआलचे एक मोठे नाणे असे, म्हणून इंग्रज व्यापारी त्याला 'आठाचे नाणे' किंवा स्पॅनिश डॉलर म्हणत. आमचे अनेक बांधव आखातात नोकरीस आहेत आणि दर महिन्याला रियाल घरी पाठवतात. सौदी, कतार, ओमान व येमेन येथील 'रियाल' हा शब्द याच 'रेआल'वरून आला आहे. अरब व्यापाऱ्यांना या नाण्यावरचे दोन खांब तोफांसारखे दिसले, म्हणून ते त्याला 'अबू मिदफा' म्हणजे 'तोफवाला' म्हणत. आमच्या दादीने त्यालाच 'दोन खांबांचा' म्हटले. माणसे नाण्याला नाव देतात ते डोळ्यांना जे दिसते त्यावरून.

ही चांदी स्पेनची नव्हती, तर स्पेनने ताब्यात घेतलेल्या अमेरिकेची होती. इ.स. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हिया देशातील पोतोसी येथे चांदीचा डोंगर सापडला. मेक्सिकोतही मोठ्या खाणी होत्या. इ.स. १५५४ च्या सुमारास मेक्सिकोत पाऱ्याच्या साह्याने हलक्या दर्जाच्या खनिजातून चांदी वेगळी करण्याची रीत सुरू झाली, आणि उत्पादन पुष्कळ वाढले. पोतोसीच्या खाणीत तेथील मूळ रहिवाशांना पाळीपाळीने सक्तीने राबविले जाई. खाणीतील धूळ आणि पाऱ्याची वाफ यांनी किती माणसे गेली याचा हिशोब नाही. हातात आलेली चांदी चमकते, तेव्हा तिच्या मागचा हा अंधारही लक्षात ठेवला पाहिजे.

कापड गेले, चांदी आली

आता मुख्य प्रश्न असा की, अमेरिकेतील चांदी आपल्याकडे आलीच कशी? उत्तर आमच्याच धंद्यात आहे. ती कापडामुळे आली.

युरोपच्या व्यापाऱ्यांना हिंदुस्थानचे सुती कापड, मिरी व नीळ हवी होती. पण त्यांच्याकडे असा माल फारसा नव्हता की जो येथे खपावा. लोकरीचे जाड कापड आपल्या उन्हात कोण घेणार? म्हणून त्यांना रोख चांदी आणावी लागे. इंग्रज व डच कंपन्यांची जहाजे रेआलांनी भरलेल्या पेट्या घेऊन निघत. दुसरा रस्ता अरबस्तानातून होता. सुरतेहून गुजरातचे कापड मोखा, जेद्दा व बसरा येथे जाई. येमेनची कॉफी घेण्यासाठी मोख्याला स्पॅनिश चांदी येई, आणि कापडाच्या मोबदल्यात ती सुरतेला परत फिरे. तिसरा रस्ता पूर्वेकडून होता. इ.स. १५६५ पासून १८१५ पर्यंत मेक्सिकोतील अकापुल्को बंदरातून चांदी घेऊन जहाजे फिलिपीन्समधील मनिला येथे जात, आणि तेथून ती चीनकडे व काही अंशी हिंदुस्थानकडे वळे.

या व्यापारात मुसलमान व्यापारी केवळ प्रेक्षक नव्हते. सुरतेचे अब्दुल गफूर हे त्या काळी मोठ्या जहाजताफ्याचे मालक होते. त्यांचे निधन इ.स. १७१८ मध्ये झाले. इ.स. १६९५ मध्ये तांबड्या समुद्राकडून हाजी आणि व्यापाऱ्यांची कमाई घेऊन परतणारी जहाजे हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने लुटली. त्यात अब्दुल गफूर यांचे 'फतेह मुहम्मदी' होते आणि औरंगजेब बादशहाचे 'गंज-ए-सवाई' होते. चाचे त्या जहाजांवर टपून होते, कारण परतीच्या वाटेवर त्यांत कापड विकून मिळालेले सोने-चांदी असे.

मग इतकी चांदी आली तर नाणी गेली कुठे? याचे उत्तर टांकसाळीत आहे. मोगली अमलात परके नाणे बाजारात तसेच चालविण्याची सोय नसे. व्यापारी आपली चांदी टांकसाळीत नेई, सराफ तिचा कस पाही, ती वितळविली जाई आणि खर्च व सरकारी हक्क वजा करून तिचे रुपये पाडून मिळत. आम्ही उर्दू शाळेत शिकल्यामुळे सुरतेच्या रुपयावरील 'जर्ब सूरत' ही फारसी अक्षरे वाचू शकतो. ती वाचताना मनात येते की, या रुपयातील चांदी कदाचित कधी पोतोसीच्या डोंगरात असेल. सतराव्या शतकात येथे राहिलेल्या बर्नियर या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, सोने-चांदी जगभर फिरून शेवटी हिंदुस्थानात येते आणि येथेच जिरते. जिरते याचा अर्थ वितळून रुपया होते, दागिना होते किंवा जमिनीत पुरली जाते. म्हणूनच अखंड राहिलेले स्पॅनिश नाणे आपल्याकडे कमी आढळते.

आपल्या मुलखात

गोव्याची गोष्ट थोडी निराळी होती. इ.स. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडेच होती, म्हणजे गोव्याचा राजाही तोच. लिस्बनहून गोव्यास येणाऱ्या जहाजांत स्पॅनिश रेआल भरपूर येत. इ.स. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने तेथील बाजाराचे वर्णन केले आहे. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर सराफ नाणी मोडून देण्यास बसलेले असत आणि खोटे नाणे ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. पोर्तुगीज लोक त्यांना 'शराफ' म्हणत. हा आपलाच अरबी-फारसी 'सर्राफ'.

आमच्या सिंधुदुर्गातही परकी चांदी येण्याच्या वाटा होत्या. वेंगुर्ल्यास डचांनी इ.स. १६३७ मध्ये वखार घातली, तिचे पडके बांधकाम आजही उभे आहे. तेरेखोलच्या काठचे बांदा हे आदिलशाही अमलात व्यापाराचे गाव होते. घाटावरचा माल रामघाट उतरून या बाजूस येई. दोडामार्ग तर गोव्याच्या सीमेवरच. इकडची नाणी तिकडे आणि तिकडची इकडे जाणे हे येथे पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहे. आमच्या दादीच्या पेटीत ती नेमकी कोणत्या वाटेने आली हे सांगणारे आता कोणी उरले नाही. ते विचारण्याची वेळ आम्ही १९८० मध्ये घालविली.

नाणे कसे ओळखावे?

आमच्याकडे लोक कोणतेही परके जुने नाणे घेऊन येतात आणि 'हे स्पेनचे का?' असे विचारतात. म्हणून खुणा क्रमाने देतो.

पहिली, ओबडधोबड नाणी. ही जुनी, हातोड्याने ठोकलेली असतात. आकार वाकडातिकडा, ठसा अर्धामुर्धा, पण वजन जवळजवळ ठरलेले. ठशात बहुधा क्रूस दिसतो. यांची कड कातरून चांदी चोरणे सोपे होते.

दुसरी, खांबांची नाणी. चोरी थांबविण्यासाठी मेक्सिकोच्या टांकसाळीत इ.स. १७३२ पासून यंत्रावर गोल नाणी पाडू लागले आणि कडेला पानांची नक्षी दिली. एका बाजूस समुद्रावर दोन गोल, वर मुकुट, दोन्हीकडे खांब. खांबांवर 'प्लुस उल्त्रा' म्हणजे 'याही पलीकडे', आणि सभोवार 'उत्राक्वे ऊनुम' म्हणजे 'दोन्ही मिळून एक' अशी लॅटिन अक्षरे. हा नमुना मेक्सिकोत १७७२ पर्यंत चालला.

तिसरी, मुखवट्याची नाणी. इ.स. १७७२ पासून एका बाजूस राजाचा चेहरा व दुसऱ्या बाजूस ढाल आणि तिच्या दोन्हीकडे खांब. याच्या कडेवर एक गोल, एक चौकोन अशी आळीपाळीने नक्षी असते. मेक्सिको इ.स. १८२१ मध्ये स्वतंत्र झाला आणि तेथे हा नमुना संपला.

टांकसाळीची खूणही पाहावी. रोमन 'एम' अक्षराच्या डोक्यावर लहान 'ओ' असेल तर मेक्सिको. 'पी', 'टी', 'एस' ही अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतील तर पोतोसी.

वजनाचा हिशोब असा. १७२८ नंतरचे आठ रेआलचे चांगले नाणे सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे सुमारे २.३ तोळे भरते. रुंदी ३८ ते ४० मिलिमीटर. १७२८ च्या नियमाने चांदीचा कस हजारात सुमारे ९१७ होता. १७७२ मध्ये स्पेनच्या सरकारने तो गुपचूप ९०३ वर आणि १७८६ मध्ये ८९६ वर आणला. नाण्याचे नाव तेच, पण आतली चांदी कमी. सरकारनेही मालात खोट करावी, आणि तरीही जगाने ते नाणे घेत राहावे, एवढी त्याची पत होती! ९०३ च्या हिशोबाने एका नाण्यात सुमारे २४.४ ग्रॅम शुद्ध चांदी होते. १८३५ च्या कंपनी रुपयात ती सुमारे १०.७ ग्रॅम असे. म्हणजे एक स्पॅनिश नाणे सव्वादोन रुपयांच्या चांदीचे.

दोन नाण्यांबाबत नेहमी घोटाळा होतो. एक, गोव्याचा पोर्तुगीज रुपया. इ.स. १८८१ चा हा रुपया ब्रिटिश रुपयाएवढाच, ११.६६ ग्रॅमचा आहे आणि त्यावर 'उमा रुपिया' असे लिहिलेले असते. दुसरे, ऑस्ट्रियाच्या राणी मारिया तेरेसाचे नाणे. ते सुमारे २८ ग्रॅम भरते, कस ८३३, आणि ते केव्हाही पाडलेले असो, साल १७८० च असते. येमेन व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते विसाव्या शतकातही चालत होते. ही दोन्ही नाणी खरी आहेत, पण स्पॅनिश नाहीत.

खोट्या नाण्याची पाण्याने पारख

आता आमची फजिती सांगतो. गोव्यातील एका बाजारात रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून आम्ही मोठ्या हौसेने एक 'स्पॅनिश' नाणे घेतले. घरी येऊन पाहिले तर त्यावर साल १७७८ आणि राजा चौथा कार्लोस! चौथा कार्लोस गादीवर आला तो १७८८ मध्ये. दहा वर्षे आधीच त्याचे नाणे कसे निघेल? वजन केले तर २२ ग्रॅम. पैसे गेले, धडा राहिला. म्हणून साल व राजा यांची जोडी पाहावी. पाचवा फिलिप १७४६ पर्यंत, सहावा फर्नांडो १७५९ पर्यंत, तिसरा कार्लोस १७८८ पर्यंत, चौथा कार्लोस १८०८ पर्यंत आणि त्यानंतर सातवा फर्नांडो. अमेरिकेत बातमी व नवा ठसा पोहोचण्यास वेळ लागे, म्हणून राजा मेल्यावर वर्ष-दोन वर्षे जुना चेहरा किंवा जुने नाव चालू राहिलेले दिसते. पण राजा येण्याच्या आधीच त्याचे नाव येणे शक्य नाही.

वजन बरोबर भरले तरी थांबू नये. नाणे कसोटीवर घासू नये, ओरखडा पडला की संग्राहकांच्या दृष्टीने किंमत उतरते. त्याऐवजी पाण्याची रीत वापरावी. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा काटा कोणत्याही सराफाकडे असतो. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही, असे हातात धरावे. काटा जे दाखवील ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन होय. २७ ग्रॅमचे खरे नाणे सुमारे २.६ ग्रॅम दाखविते. तांबे-निकेलचे नाणे असेल तर काटा ३ ग्रॅमपर्यंत जातो. कथिलाच्या मिश्रणाचे असेल तर साडेतीनच्याही पुढे जातो. यात नाण्याचे काही बिघडत नाही. मात्र खऱ्या चांदीचे बनावट नाणे या परीक्षेतून सुटते. तेथे कडेची नक्षी, अक्षरांचा उठाव व पृष्ठभागावरची बारीक छिद्रे पाहावी लागतात. ओतीव नाण्यावर अशी छिद्रे राहतात आणि कडेला जोड दिसतो.

काय करू नये

चिंच, लिंबू किंवा राख लावून नाणे चकचकीत करू नये. काळवंडलेला जुना रंग हीच त्याच्या वयाची साक्ष असते. कडी डाग देऊन बसवू नये, भोक पाडू नये. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्यास काही वर्षांनी हिरवट चिकट थर बसतो, म्हणून साध्या कागदी पाकिटात ठेवावे. पाकिटावर साल, टांकसाळ, वजन आणि नाणे कोणाकडून, केव्हा, किती रुपयांना आले हे लिहावे. जो आपल्या दुकानाची वही नीट ठेवतो त्याला हे शिकवावे लागणार नाही. ज्यांना छंद लावून घ्यावयाचा आहे त्यांनी आधी संग्रहालयांतील खरी नाणी पाहावीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या अभ्यासाची संस्था आहे. आधी डोळा तयार करावा, मग खिसा उघडावा.

भ्रमातही राहू नये. मेक्सिकोची मुखवट्याची नाणी लाखोंनी निघाली आहेत, एका नाण्याने कोणी लखपती होत नाही. खांबांच्या नाण्यास साधारणपणे अधिक मागणी असते. भोक पडलेल्या नाण्यास कमी. आमच्या घरी राहिलेले नाणे भोकाचे आहे, तेव्हा हे आम्ही अनुभवाने सांगतो.

कायद्याची बाजू

पाया खणताना किंवा बागायतीत नांगरताना नाणी सापडली तर ती आपोआप सापडणाऱ्याची होत नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपविणे हा गुन्हा आहे. तसेच १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. असे नाणे देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. 'दुबईत चांगला भाव मिळेल, बॅगेत टाकून घेऊन जा' असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. विमानतळावर पकडले जाल तेव्हा सल्ला देणारा बरोबर नसतो.

शेवटी एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी आमच्याकडून कापड नेणारी एक शिवणकाम करणारी बाई रुमालात बांधलेली दोन नाणी घेऊन दुकानात आली. म्हणाली, "भाई, पोराची फी भरायची आहे. बाजारात याचे चांदीच्या भावाने, त्यातूनही घट धरून पैसे देतो म्हणतात. देऊ का?" आम्ही पाहिले. एक गोव्याचा रुपया होता. दुसरे १७६० च्या दशकातले खांबांचे नाणे, कड शाबूत, भोक नाही. अगदी दादीच्या पुरचुंडीतले असावे तसे.

खरे सांगायचे तर क्षणभर मन डळमळले. चांदीच्या भावावर शे-दोनशे अधिक दिले असते तरी ती दुवा देत गेली असती, आणि आमच्या भावाच्या भोकाच्या नाण्याला जोडीदार मिळाला असता. पण मालातला ऐब गिऱ्हाइकापासून लपविणे जसे नाजायज, तसाच विकणाऱ्याच्या मालातला गुण त्याच्यापासून लपविणे हेही. आम्ही म्हणालो, "आपा, रुपया हवा तर चांदीच्या भावाने द्या. हे दुसरे मोडीत देऊ नका." नाणे काय आहे ते समजावले, पाण्यात धरून वजन दाखवले, आणि बिल देणाऱ्या एका नोंदणीकृत नाणेविक्रेत्याकडे तिच्या मुलाला पाठविले. चांदीच्या भावापेक्षा बरीच अधिक रक्कम आली. फी भरली गेली आणि वर शिलाई यंत्राची दुरुस्तीही झाली.

१९८० मध्ये अब्बांना कोणी फसवले असे आम्ही म्हणणार नाही. कदाचित मुशीत घालणाऱ्यालाही ते नाणे काय आहे हे ठाऊक नसेल. तराजू खरा असून भागत नाही, तराजूत काय ठेवले आहे याचे इल्मही लागते. आमच्या आणि आपल्या पूर्वजांनी विणलेल्या, रंगवलेल्या, विकलेल्या कापडाची ती किंमत आहे. आपल्या घरच्या पेटीत असा दोन खांबांचा रुपया निघाला तर मुशीत घालण्याआधी एकदा तो पाण्यात धरून पाहा, त्यावरचे साल वाचा, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा की तो आपल्याकडे कसा आला. सांगणारे आहेत तोवर विचारून घ्या.